पळून झाल्या झाल्या बसताय? व्यायामातल्या या चुका टाळा

सकाळी आपल्या सोलापुरात पार्क स्टेडियमवर नाहीतर संभाजी तलावाकडं बघा, शेवटचा राऊंड फुल्ल स्पीडमध्ये मारायचा आणि जागच्या जागी थांबायचं किंवा थेट कट्ट्यावर बसायचं, असं करणारे खूप जण दिसतात, मग एखाद्याच्या डोळ्यापुढं अंधारी येते आणि लोक म्हणतात उपाशी पळाला असेल. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. पळताना पायातल्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात आणि तिथलं रक्त वर हार्टकडं ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. पाय थांबले की ते ढकलणं बंद, वाहिन्या मात्र अजून मोकळ्याच, मग रक्त खाली साठतं, बीपी पडतं, मेंदूला रक्त कमी पडतं. म्हणून नंतर पाच-दहा मिनिटं सावकाश चालाच. आणि कुणाला चक्कर आलीच तर त्याला धरून उभं करू नका, आडवं झोपवून पाय वर उचला.

धाप लागली म्हणजे ऑक्सिजन संपला असं नसतं. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन पळतानाही फारसा घटत नाही. श्वास वाढवायचा हुकूम मेंदू पहिल्या पावलालाच देतो, आणि पुढं किती वाढवायचा ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर ठरतं. त्यामुळं आधीच जोरजोरात श्वास घेऊन "ऑक्सिजन भरून" घेण्यात काही फायदा नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो आणि चक्कर येते. उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारायची पैज लावणाऱ्या पोरांना तर हे घरच्यांनी बजावून सांगायलाच पाहिजे, कारण असं करून बुडी मारली की श्वास घ्यावासा वाटायच्या आतच शुद्ध हरपते, पाण्याखालीच. पट्टीचे पोहणारेही यात जातात.

जिममध्ये वजन उचलताना दम कोंडू नका, बीपी एकदम चढतं. उचलताना श्वास सोडा.

आता आपलं ऊन. मे महिन्यात 42-43 डिग्रीत स्नायूंना रक्त पाहिजे आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही पाहिजे, वर घामानं रक्तातलं पाणी कमी, मग दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि भरपाईला हार्ट जास्त ठोके मारतं. म्हणजे डिसेंबरातल्याच स्पीडला आता नाडी जास्त पळणार, स्टॅमिना गेला म्हणून जोर लावू नका, स्पीड कमी करा, उजाडायच्या आत उरकून घ्या. छातीत दाटून आलं किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ आली तर तिथंच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा, गॅस झालाय म्हणून घरी जाऊन झोपू नका.