एसवायला (पदवीच्या दुसऱ्या वर्षाला) ‘शिक्षण आणि समाज’ हा पेपर पहिल्यांदा शिकवणार असाल तर

सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) निघाली, तासिका तत्त्वावर कॉलेज मिळालं आणि विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी हा पेपर गळ्यात टाकला. रात्रभर बसून बूर्दियो या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या नोट्स काढल्या, सांस्कृतिक भांडवल (म्हणजे घरातून मिळालेली भाषा, वळण, जे शाळेत मोलाचं ठरतं) वगैरे, आणि सकाळी सगळं वीस मिनिटांत संपलं की हो! मागून एकजण म्हणतो, सर हे किती मार्कांना येतं?

पुढच्या आठवड्यात त्याहून मोठा घोळ घातला. म्हटलं थिअरी नको, पोरांच्या घरापासूनच सुरू करू, म्हणून विचारलं, आईवडलांपैकी ग्रॅज्युएट कोण, हात वर करा. चार हात आले, बाकी वर्ग बेंचकडे बघत बसला. तास संपल्यावर एक मुलगी आली, घरचे ऊसतोडीला जातात तिचे, म्हणाली, सर परत असे हात नका वर करायला लावू. कान पकडले.

तेव्हापासून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतो. प्रश्न एकच, शाळेत परकं कधी वाटलं? एकीत होतं, ‘मी पानी म्हणले, सगळे हसले, मग वर्षभर बोललेच नाही.’ तेवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं, कोणाचं ते मलाही माहीत नाही, आणि बूर्दियो दहा मिनिटांत समजला. (चिठ्ठीवरून माणूस ओळखू येत असेल तर ती वाचायचीच नाही, हे मात्र पक्कं.)

आणि आपल्याकडचा माल आधी काढा. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे (इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग) जोतिराव फुल्यांनी मांडलेलं, की शेतसारा भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे, हे वाचून दाखवलं की झोपलेलं पोरगंही उठतं. माझा आवडता तास शाहू महाराजांचा. १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. आता २००९ चा आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा शेजारी ठेवा, त्यात पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय पण दंड नाही. मग विचारा, गरीब बापाला दंड करावा का? मी पुढची अर्धी तासिका खुर्चीत बसून असतो, भांडणं त्यांचीच.

इंटर्नलच्या (कॉलेजातल्या अंतर्गत) मार्कांसाठी आजी-आजोबांची शाळेबद्दल मुलाखत देतो. फक्त ती हातानं लिहूनच घ्या, मागच्या वर्षी टाईप केलेल्या घेतल्या तर तीन पोरांची आजी एकच निघाली.