रेल्वे अपघातानंतरची तक्रार आणि दावा: या चुका टाळा

रेल्वे सुरक्षेचे अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे. मजकूर खरा असतो, पत्ता चुकतो. नागपुरात हा घोळ जरा जास्तच होतो. शहर एक, पण झोन दोन, आणि दोन्ही झोनच्या विभागांचं नाव ‘नागपूर विभाग’च. त्यात मेट्रोचा कायदा वेगळा.

नुसतं ‘डीआरएम, नागपूर’ लिहू नका

नागपूर स्टेशन, अजनी, बुटीबोरी, काटोल, नरखेड हे मध्य रेल्वेत येतं. इतवारी, कळमना, कामठी, भंडारा रोड, गोंदिया आणि सावनेर-छिंदवाड्याची लाइन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. पाकिटावर डीआरएमच्या (विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या) पुढे झोनचं नाव नसेल तर अर्ज या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतो.

जागेचं वर्णनही नेमकं हवं. ‘फाटकाच्या थोडं पुढे रूळ खराब आहे’ यावरून कुणालाच जागा सापडत नाही. विजेच्या तारांच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, त्यात किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला खांब कितवा हे कळतं. फाटकाचाही स्वतःचा नंबर असतो. खांब किंवा फाटकाचा नंबर, कोणत्या दोन स्टेशनांच्या मधली जागा, अप की डाउन, तारीख आणि वेळ एवढं लिहिलं की पुरे. मात्र नंबर बघायला किंवा फोटो काढायला रुळावर उतरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवानगी रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रूळ तुटलेला दिसला किंवा रुळावर काही अडकलेलं दिसलं, तर अर्ज लिहीत बसू नका. जवळच्या गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला गाठा आणि १३९ वर फोन करा.

सुरक्षा आयुक्तांकडे भरपाई मागू नका

रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. रेल्वेची चौकशी रेल्वेनेच करू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती योग्यच आहे. मध्य रेल्वे मुंबईच्या आयुक्तांकडे येते, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे कोलकात्याच्या. म्हणजे अजनीचा अपघात मुंबईकडे आणि कामठीचा कोलकात्याकडे.

आयुक्त अपघाताचं कारण शोधतात आणि शिफारशी करतात. नवी लाइन प्रवाशांसाठी खुली होण्याआधी तीही तपासतात. पैसे देणं हे त्यांचं काम नाही. गाडीतून एखादा प्रवासी पडला म्हणून आयुक्तांची चौकशी लागत नाही. ती लागते प्रवासी गाडीच्या गंभीर अपघातात, म्हणजे गाडीला झालेल्या अपघातात प्रवाशाचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली असेल किंवा रेल्वेचं २ कोटींहून अधिक नुकसान झालं असेल तेव्हा.

अशी चौकशी जाहीर झाली की प्रत्यक्ष पाहणारे ‘कशाला कोर्टकचेरीच्या भानगडीत पडायचं’ म्हणून घरी बसतात. कलम ११७ त्यांना संरक्षण देतं. आयुक्तांसमोर विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात किंवा विषयाला धरून दिलेला जबाब खुद्द साक्षीदाराविरुद्ध दिवाणी वा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद एकच, खोटी साक्ष.

दावा पहिल्याच दिवशी बिघडतो

चालत्या गाडीतून प्रवासी अपघाताने पडला तर कलम १२४अ लागतं. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी ८ लाख रुपये, हा दर १ जानेवारी २०१७ पासूनचा. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक आजार यांत भरपाई मिळत नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेली व्यक्ती तर या कलमात मुळात बसतच नाही.

गफलत इथेच होते. लोहमार्ग पोलीस जबाब घेतात तेव्हा नातेवाईक भांबावलेले असतात. कुणीतरी ‘रूळ ओलांडत असेल’ म्हणतं, आणि ते कागदावर जातं. जे पाहिलं नाही ते सांगू नका. कुठून कुठे निघाला होता, कोणत्या गाडीने, स्टेशनवर कुणी सोडलं, शेवटचा फोन किती वाजता आला, हे सांगा आणि लिहून घ्यायला लावा. आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दलाची) चौकशी वेगळी असते आणि तिच्यावरून डीआरएमचा अहवाल तयार होतो. दोन्हीकडच्या जबाबांत तफावत दिसली की समोरचा वकील तेच धरून बसतो.

दुसरा मुद्दा तिकिटाचा. अंगझडतीत तिकीट सापडलं तर त्याचा नंबर पंचनाम्यात आलाच पाहिजे. पंचांची सही होण्याआधी ती ओळ वाचा. ‘खिशात कागदपत्रे’ असं मोघम लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. तिकीट सापडलंच नाही म्हणून दावा आपोआप पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे प्रतिज्ञापत्र देऊन सुरुवातीचा भार दावेदाराने उचलला की पुढचा भार रेल्वेवर जातो. तिकीट काढून देणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, यूपीआयचा मेसेज, पास किंवा सहप्रवासी, जे असेल ते जोडा. मात्र मृतदेह रुळालगत मिळाला, एवढ्यावर तो प्रवासी होता हे ठरत नाही.

मर्गची (पोलिसांतल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीची) प्रत, पंचनामा, मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांचा शवविच्छेदन अहवाल आणि स्टेशन मास्तरचा मेमो, या सगळ्यांच्या साक्षांकित प्रती लगेच मागून ठेवा.

सानुग्रह रक्कम म्हणजे भरपाई नव्हे

अपघातानंतर लगेच हाती पडते ती सानुग्रह मदत. ती मिळाली म्हणून दावा संपत नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, आणि त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. अपघात भुसावळला झाला तरी दावेदार नागपूरला राहत असेल तर अर्ज इथे करता येतो. मुदत १ वर्ष. उशिराचं सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि बँक खातं दावेदाराच्याच नावाचं असू द्या.

ई-तिकीट काढताना घेतलेला विमा हा तिसरा, स्वतंत्र हक्क आहे. तिकीट निघाल्यावर विमा कंपनीची लिंक येते, तिच्यावर वारसदाराचं नाव भरायचं बहुतेकांचं राहून जातं. मग वारस सिद्ध करत फिरावं लागतं.

मेट्रो वेगळी

सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवरचा अपघात घेऊन रेल्वे न्यायाधिकरणात जाऊ नका. मेट्रोला २००२ चा मेट्रो रेल्वे कायदा लागू होतो. त्यात मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त वेगळे आणि भरपाईसाठी दावा आयुक्तही वेगळे.

न्यायाधिकरणाने दावा फेटाळला तर ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येतं. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत लागते, तिचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका.