शुगर-बीपीचा प्रोग्राम बनवताना पेशंटना सामील करताय? मग या चुका टाळा

हल्ली शुगर, बीपी, हार्टच्या पेशंटसाठी सवयी बदलायचा काही प्रोग्राम काढायचा म्हटलं की "पेशंटचाही सहभाग घेऊया" असं सगळेच म्हणतात. चांगलंच आहे. पण होतं काय, की डाएट चार्ट छापून आलेला असतो, ॲप तयार असतं, व्हॉट्सॲप ग्रुपचं नावसुद्धा ठरलेलं असतं आणि मग दहा-बारा पेशंटना बोलवून चहा-बिस्कीट देऊन विचारतात, कसं वाटलं? ते म्हणतात छान वाटलं. दुसरं काय म्हणणार! शेरी आर्नस्टाइन या बाईंनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात नुसतं मत विचारणं ही चौथी पायरी आणि ती त्यांनी सरळ देखाव्यातच धरलीय. त्यामुळे काहीही छापायच्या आधी बोलवा, आणि किमान दोन-तीन गोष्टींचा निर्णय खरंच त्यांच्यावर सोडा.

दुसरी चूक, कोणाला बोलावता? मंगळवारी सकाळी 11 ची मीटिंग ठेवली की येणार कोण, तर कोथरूडचे रिटायर्ड काका, ज्यांची शुगर आधीच कंट्रोलमध्ये आहे आणि जे रोज तळजाईला फिरायला जातात. हडपसरचा रिक्षावाला, जनता वसाहतीतून चार घरची कामं करायला जाणाऱ्या ताई, मार्केट यार्डात पहाटेपासून उभा असलेला माणूस, यांना त्या वेळी यायचं म्हणजे दिवसाची कमाई बुडवायची. मग त्यांच्या वस्तीत जा, संध्याकाळी जा, तिथल्या आशा सेविकांना मध्ये घ्या आणि वेळेचे पैसे द्या. बजेटमध्ये पोस्टरला पैसे असतात, पेशंटच्या रिक्षाभाड्याला नसतात, हे मला कधी कळलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "तुम्हाला काय अडचण येते?" असं विचारू नका. उत्तर येतं "वेळ मिळत नाही" आणि तिथेच गाडी अडते. त्यापेक्षा म्हणा, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते सांगा. मग कळतं की बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि ज्या बाईला दिवसभर भाजीच्या गाड्यावर बसायचंय आणि जवळ धड टॉयलेट नाही ती सकाळची गोळी सरळ टाळते. तिला "गोळ्या नियमित घ्या" असं पन्नास वेळा सांगून काय उपयोग, वेळ किंवा गोळी बदलता येते का हे डॉक्टरांनी बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 च्या अहवालात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे जवळपास निम्मेच पेशंट औषधं नीट घेतात, म्हणजे हा काही आपल्या लोकांच्या आळशीपणाचा प्रश्न नाही.

उपवासाचंही तेच. चार्टवर "उपवास टाळा" लिहिलं की लोक उपवास सोडत नाहीत, फक्त तुम्हाला सांगायचं सोडतात. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, आणि जो इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर (शुगर उतरवणारी गोळी) आहे त्याने काहीच खाल्लं नाही तर उलट शुगर एकदम खाली जायची भीती. एकत्र बसलं की पेशंटच विचारतात, उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते लिहून द्या ना! हे पान चार्टमध्ये हवंच.

आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बोलवा हो. पेशंट सासरे, चार्ट सासऱ्यांच्या हातात, आमटी सून करते. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हे ऐकायला सोपं, पण सहा माणसांच्या पातेल्यात मोजणार कसं? त्यापेक्षा पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहायची. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलो मीठ 50 दिवसांच्या आत संपलं तर जास्त होतंय, शिवाय पापड, लोणचं, फरसाण वेगळंच. असले उपाय ओट्यापाशी उभं राहणाऱ्यांनाच सुचतात.

मीटिंगमध्ये काही अडलं तर:

कोणी बोलतच नाही – डॉक्टरांना बाहेर पाठवा. समोर डॉक्टर असले की सगळे रोज चालतात आणि कोणीच गोड खात नाही.

एकच काका बोलतात – तीन-तीनचे गट करा, बायकांचा गट वेगळा.

कोणी म्हणतं गोळ्या बंद करून कारल्याचा रस द्या – हसू नका, पण औषध बंद करणं हा विषय मतदानाचा नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. काय बदलता येईल, काय नाही, याची यादी भिंतीवर लावा.

दुसऱ्या मीटिंगला निम्मे लोक गायब – बहुतेक पहिल्या वेळी जे बोलले त्याचं पुढे काय झालं हे त्यांना कोणी कळवलेलं नसतं. आठवड्याभरात फोन करा, कुठल्या सूचना घेतल्या, कुठल्या नाही आणि का नाही ते सांगा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकू नका, कोणी उघडत नाही, त्यापेक्षा एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा.