बचत गटाचं ऑनलाइन दुकान: या चुका टाळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचे आदिवासी बचत गट आमचूर आणि मोलगीची भगर ऑनलाइन विकायला निघतात, आणि पहिल्याच दिवशी गटाचं व्हॉट्सअॅप बिझनेस शिकवणाऱ्या पोराच्या मोबाइलवर उघडलं जातं. घाई, दुसरं काही नाही. दिवाळीनंतर पोरगा सुरतेला कामाला जातो, रिचार्ज थांबतो. सिम तीन महिने पडून राहिलं तर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर परक्याला मिळतो. एका गटाचं हेच झालं. पाकिटांवर जुना नंबर छापलेला, गिऱ्हाइकांचे फोन भलताच माणूस उचलतोय. उन्हाळाभर वाळवलेला आमचूर शेवटी व्यापारी म्हणेल त्या भावाने गेला.

म्हणून सिम अध्यक्षाबाईंच्या नावावर घ्या, रिचार्ज गटाच्या खर्चात धरा. व्हॉट्सअॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. त्याचा सहा आकडी पिन गटातल्या दोघींना पाठ हवा. नंबर बदलायचाच असेल तर जुनं सिम चालू असतानाच 'चेंज नंबर'मधून बदला.

पैशाचंही तसंच. गटाच्या दोन सह्यांच्या खात्यावर नेहमीचं यूपीआय सहसा चालत नाही, म्हणून सचिवबाईंच्या घरच्या खात्याचा क्यूआर डकवतात. मग हिशेबावरून गट फुटतो. बैठकीत ठराव करा आणि बँकेकडे गटाच्या नावाचा व्यापारी क्यूआर मागा. वेळ लागेल, लागू द्या.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका. स्वतःच्या अॅपमध्ये जमा दिसू द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मागणारा चोरच.

आमचुराच्या फोडी हलक्या पण फुगीर. बरेच कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर तेच वजन धरतात. ३०×२५×२० च्या खोक्यात एक किलो माल भरला तरी भाडं तीन किलोचं. २५×२०×१० चं खोकं एक किलोत बसतं. आधी पिशवी भरून मोजा, मग खोकी आणा. भाडं कळल्याशिवाय भाव जाहीर करू नका.

पावडर पावसाळ्यात ओल धरून गोळे होते. फोडीच साठवा, ऑर्डर आली की दळा.

पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) १४ आकडी नंबर, निव्वळ वजन आणि पॅकिंगची तारीख हवीच.

फोटो सकाळच्या उजेडात, माल सावलीत ठेवून काढा.

आणि शिकवताना बाईंच्या हातातला फोन ओढून स्वतः बटणं दाबू नका. पावरी किंवा भिली बोलीत सांगा, टाइप करता येत नसेल तर ऑर्डरचं उत्तर बोलून पाठवू द्या.