गोठ्यातील चावऱ्या माशीचा बंदोबस्त

धार काढताना गाय सारखी पाय आपटत असेल, तर तिला खोडकर ठरवण्याआधी तिच्या पुढच्या पायांकडे गुडघ्याखाली निरखून पाहावे. तिथे डोके वर करून बसलेली, घरमाशीएवढीच करडी माशी दिसेल आणि तिच्या डोक्यापुढे सुईसारखी ताठ, काळी सोंड आलेली असेल. घरमाशी नुसती चाटते. ही स्टोमॉक्सिस नावाची माशी कातडीला भोक पाडून रक्त पिते. डासांमध्ये फक्त मादी चावते, इथे मात्र नर-मादी दोघेही चावतात, आणि तेही दिवसाढवळ्या.

पोट भरायला तिला काही मिनिटेच पुरतात. मग ती उन्हातल्या भिंतीवर किंवा खांबावर रक्त पचवत बसते. त्यामुळे जनावराच्या पाठीवर मारलेले औषध तिला फारसे लागत नाही, आणि पायांवरचे औषध चिखल-मुताने धुऊन जाते. गाईने झटकलेली अर्धपोटी माशी शेजारच्या जनावरावर बसते, तेव्हा सोंडेला लागलेल्या ताज्या रक्ताबरोबर सर्रा या जनावरांच्या रोगाचे परजीवी तिकडे जाऊ शकतात. २०२२ च्या लम्पीच्या साथीत माश्या-गोचिडांच्या बंदोबस्तावर भर दिला गेला, तो अशाच कारणाने.

म्हणून खरा उपाय तिची पैदास होते त्या जागी करावा लागतो. गव्हाणीखाली सांडलेली कुट्टी, उष्टा कडबा, त्यात मुरलेले मूत्र आणि शेण असे कुजके मिश्रण तिला अंडी घालायला सर्वांत जास्त मानवते. वरचा थर कोरडा असला तरी फसू नये. काडीने चार बोटे उकरले की आंबूस वास येतो आणि पिवळसर पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, त्यामुळे हा गाळ दर आठवड्याला, कोपरे आणि गव्हाणीच्या कडा खरवडून काढला, तर अळीची माशी होत नाही. काढलेला गाळ उकिरड्यावर तसाच टाकू नये, कारण मग फक्त जागा बदलते. तो उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवावा. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट झाकावा. पाण्याच्या हौदाची गळतीही बंद करावी.

कडुनिंबाच्या धुराने तात्पुरता आराम मिळतो, पण कोंदट गोठ्यात त्याचा जनावरांनाच त्रास होतो. पंखा अधिक चांगला. फवारणी करायचीच असेल, तर पशुवैद्यकाला विचारून, माश्या विसावतात त्या भिंतींवर करावी. आधीच उडालेल्या माश्या काही आठवडे जगतात, म्हणून आज पुढच्या पायांवरच्या माश्या मोजून ठेवाव्यात आणि महिन्याने त्याच वेळी पुन्हा मोजाव्यात.