थायरॉईड असताना वजन उतरवायचं, तर माया ठेवून बेता

ब्लाऊज शिवताना आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही शिवणकाम करणाऱ्या बायका माया म्हणतो. गिऱ्हाईक अंगाने भरलं की आतली टीप उसवायची, ब्लाऊज पुन्हा बसतो. 2016 साली मला थायरॉईड निघाला आणि पुढच्या सात वर्षांत मी माझ्या स्वतःच्या सगळ्या ब्लाऊजांची माया संपवली. मग स्वतःसाठी नवं शिवणंच बंद केलं. "वजन उतरलं की शिवू." भाच्याच्या लग्नात मिळालेला पैठणीचा ब्लाऊजपीस कपाटात घडी मोडल्याशिवाय पडून होता.

या काळात मी चार वेळा वजन कमी करायला घेतलं. एकदा फक्त जिऱ्याचं पाणी आणि काकडी, नऊ दिवस. एकदा जिम, तीन महिन्यांचे पैसे भरून अकरा दिवस. एकदा भात-भाकरी पूर्ण बंद. चौथ्यांदा काय केलं ते आता आठवतही नाही. प्रत्येक वेळी शेवट एकच: काटा हलला नाही, मी रडले, आणि जाऊबाई म्हणाल्या, "थायरॉईडवाल्यांचं काही उतरत नाही हो." पाचव्या वेळेला मी सुरुवातच करेना. वजनकाटा पलंगाखाली ढकलला. रक्त तपासायलाही दीड वर्ष गेले नाही, कारण रिपोर्टमध्ये आणखी काही वाईट निघेल असं वाटायचं. फसण्याच्या भीतीने माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते इथे, तपासणी टाळण्यात. म्हणून तुमचंही असं काही चाललं असेल, तर डाएटच्या आधी खालची कामं करा.

आधी बघा, थायरॉईडचा वाटा किती

टीएसएच म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडला की तो वाढतो. माझा पहिल्यांदा 18 आला होता, म्हणजे बराच वर, आणि वजन 78 किलो. गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांत 3 किलो उतरलं आणि थांबलं. मला वाटलं गोळी लागू पडत नाही. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की थायरॉईड कमी पडल्यामुळे वाढलेलं वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोच्या आसपास असतं, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. गोळीने टीएसएच जागेवर आला की तेवढं जातं. बाकीचं वजन इतर कुणाचंही असतं तसलंच.

ऐकून आधी राग आला. म्हणजे काय, सगळा दोष माझाच? पण घरी येईपर्यंत उलटं वाटायला लागलं. माझ्या अंगात काहीतरी कायमची खोट आहे, काहीही केलं तरी उपयोग नाही, हीच तर भीती होती. ती खोट तीन किलोचीच होती आणि ती गेलीसुद्धा होती.

गोळीचं मात्र नीट बघा. मी सकाळी गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात घ्यायचे, वर लगेच चहा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-कॉफी-नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी पुरती शोषली जात नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. आठवड्याभरात तपासून काही कळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि पटकन बारीक व्हायला म्हणून मनाने जास्त गोळी घेऊ नका. माझ्या एका गिऱ्हाइकाने घेतली होती. छातीत धडधड सुरू झाली, हात कापायला लागले. जास्त डोस बरेच दिवस चालला तर हाडंही ठिसूळ होतात.

भीती वहीत उतरवा

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांची वही असते: छाती, कंबर, मुंढा, दंडघेर. तिच्या शेवटच्या पानावर मी एका दुपारी लिहिलं, मला नेमकी कशाची भीती वाटते. 'जाऊ हसेल.' 'पैसे वाया जातील.' 'तीन आठवडे काटा हलणार नाही आणि मी पुन्हा सोडून देईन.' हे तिसरं लिहिलं तेव्हा लक्षात आलं, की हसण्याचं मला एवढं काही नाही, सोडून देण्याचं आहे.

मग प्रत्येकापुढे लिहिलं, असं झालंच तर मी काय करीन. जाऊबाईंसाठी उत्तर तयार ठेवलं: "डॉक्टर बघतायत. तुमचा ब्लाऊज मंगळवारी घेऊन जा." पैशांपुढे: जिम नाही, फुकटातलंच करायचं. तिसऱ्यापुढे: काटा तीन आठवडे थांबला तर टेपने माप घेईन, गोळीची वेळ चुकतेय का बघीन, फार थकवा असेल तर डॉक्टरांकडे जाईन. 'बंद करीन' हा पर्याय लिहिलाच नाही. तुम्हीही लिहा, आणि हातानेच लिहा. मनात ठेवलं की भीती रोज नवं रूप घेते.

काट्यापेक्षा टेप

खारवलेली मिरची-पापड खाल्ले, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, एवढ्यावर काटा किलो-दीड किलो इकडचा तिकडे होतो. ती चरबी नसते, पाणी असतं. मी पूर्वी रोज वजन करायचे आणि रोज निकाल लागायचा, पास की नापास. आता सोमवारी सकाळी एकदाच. पंधरा दिवसांनी टेप: बेंबीवर कंबर, आणि दंड. उपाशीपोटी, श्वास सोडून, टेप न आवळता. गिऱ्हाइकाचं माप घेताना आम्ही "पोट आत घेऊ नका" म्हणतो, तेच स्वतःला म्हणा. पहिल्या दोन महिन्यांत माझं वजन फक्त दीड किलो उतरलं, पण कंबर दीड इंच. टेप नसती तर मी तेव्हाच सोडलं असतं.

आधी कच्चे टाके

भारी कापड आम्ही थेट मशीनखाली घालत नाही. कच्चे टाके घालतो, अंगावर लावून बघतो, मग पक्की टीप. तसं प्रत्येक बदलाला दोन आठवडे द्या आणि जमलं तरच पक्कं करा. 'दहा किलो' हे ध्येय ठेवलं की पहिल्या दिवसापासून आपण दहा किलोने हरलेले असतो. मी ध्येय कामाचं ठेवलं.

पहिला कच्चा टाका चहाचा. लग्नसराईत मशीनवर बसले की पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे 40 ते 50 ग्रॅम, 160 ते 200 कॅलरी, तेही भूक न भागता. तीन कप, एकेक चमचा केलं. दुसरा जेवणाचा: ताटात आधी मटकी-मुगाची उसळ किंवा दाट वरण आणि कोशिंबीर, मग ज्वारीची भाकरी. भाकरी सोडली नाही. दोनच्या ऐवजी दीड पुरायला लागली, कारण उसळीने पोट भरतं. कोबी-फ्लॉवर थायरॉईडला चालत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं खात नव्हते. शिजवून, घरात होते तेवढी भाजी खायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. तेवढ्याने वजन उतरत नाही, पण ताटातली एक भीती कमी झाली.

तिसरा चालण्याचा. साताऱ्यात सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढणीच्या रस्त्याला माणसांची रांग असते. पहिल्या दिवशी मी पहिल्या वळणावर बसले. सत्तरीचे आजोबा टेकत टेकत पुढे गेले, जाताना म्हणाले, "उद्या पुढच्या झाडापर्यंत." तेवढंच केलं, रोज एक झाड. अंग अगदीच गळालेलं असेल त्या दिवसासाठी छोटा नियम: गल्लीत दहा मिनिटं, त्यावर काही नाही. शिवाय प्रत्येक ब्लाऊज पूर्ण झाला की खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस. मांड्यांत ताकद आली तशी चढण सोपी झाली. तुमचा टीएसएच अजून फार वर असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर चढण डॉक्टरांना विचारूनच.

फसाल तेव्हा

फसालच. मी गणपतीत फसले, दिवाळीत फसले, आणि कारण नसताना एका मंगळवारी पाव किलो कंदी पेढे एकटीने संपवले. पूर्वी असं झालं की "गेलं सगळं" म्हणून महिनाभर सुटायचे. टीप वाकडी गेली म्हणून मी कधी अख्खा ब्लाऊज फेकला नव्हता, तेवढीच टीप उसवते. मग वही काढली आणि बघितलं, कुठे वाकडं जातंय. आठापैकी सहा वेळा संध्याकाळी पाचला. बाराला जेवायचं, मग गिऱ्हाइकांची रीघ, पाचला हात जे मिळेल त्यावर. दोष मनाचा नव्हता, पोट पाच तास रिकामं होतं. आता मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी, फुटाण्यांचा डबा असतो. चार वाजता मूठभर.

तुमची वेळ वेगळी असेल. रात्रीची टीव्हीसमोरची, किंवा मुलांच्या ताटात उरलेलं संपवायची. फसलात की तारीख, वेळ आणि आधी काय झालं एवढंच टिपा. स्वतःला शिव्या देऊन वहीची ओळ वाया घालवू नका.

चौदा महिन्यांत मी 79 वरून 72.5 वर आलेय. मध्ये सात आठवडे काटा जागचा हलला नव्हता. तेव्हा तपासणी केली, डोस थोडा वाढवावा लागला. पूर्वीची मी असते तर तो रिपोर्ट आणायलाच गेले नसते.

पैठणीचा ब्लाऊजपीस सहाव्या महिन्यात बेतला, त्या दिवशीच्याच मापाने. दोन्ही बाजूंना नेहमीसारखी एकेक इंच माया ठेवली. परवा आतून एक टीप घेतली, कंबरेत जरा सैल होत होता. पुढच्या टीएसएचची तारीख कापायच्या टेबलावर खडूने लिहिली आहे. कापड सरकलं की पुसते, मग परत लिहिते.