खाणीवरची धूळ मोजताना आधी हवामान बघा

या कामात नव्याने आलेली मुलं पीएम १० चा, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धुळीचा, आकडा चढला की लगेच विचारतात, "आज डंपर जास्त फिरले का?" मी त्यांना आधी त्या तासाचा वारा बघायला लावतो, मग शेवटची सर कधी पडली ते. खाणीतलं काम रोज साधारण सारखंच चालतं. आकडा बराचसा हवामानच हलवतं.

वारा दोन उलटी कामं करतो. पहिलं उचलण्याचं. सुक्या, भुसभुशीत ढिगावर सेकंदाला साधारण ५ मीटरच्या खाली तो फारसं काही उचलत नाही. ती पातळी ओलांडली की मात्र धूळ वेगाच्या कितीतरी पट झपाट्याने वाढते. त्यातही अगदी बारीक कण सहसा थेट उडत नाहीत, ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. ०.१ मिलिमीटरच्या आगेमागची रेती आधी उड्या मारू लागते आणि आपटून त्यांना वर फेकते. जोराच्या वाऱ्यात ढिगाशेजारी उभं राहा, घोट्याला रेती टोचते ती हीच.

दुसरं काम धूळ पातळ करण्याचं. डंपरच्या चाकांनी उठणाऱ्या फुफाट्याला उठायला वाऱ्याची गरजच नसते. वारा पडला तर तो तिथेच साचतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच अडकते, आणि पहाटेचे आकडे वादळी दुपारपेक्षाही वाईट येऊ शकतात. २४ तासांच्या सरासरीत हे सगळं बुडून जातं. तासागणिक आकडे मागा, मिळत नसतील तर भांडून घ्या.

विंड रोज (wind rose) म्हणजे वारा कुठल्या दिशेने किती वाहिला याचा फुलासारखा आलेख; त्याची पाकळी वारा जिकडून येतो ती बाजू दाखवते. धूळ तिच्या उलट दिशेला जाते. इथे भलेभले गडबडतात. वारा येतो त्या आणि जातो त्या, अशा खाणीच्या दोन्ही अंगांना धूळ मोजणारी यंत्रं असतील, तर दोन आकड्यांमधला फरक हा ढोबळमानाने खाणीचा वाटा.

पावसाबाबत लोक फार भाबडे असतात. पाऊस जाड कण चांगले धुतो, पण १ मायक्रॉनच्या आतले बरेचसे थेंबाच्या बाजूने निसटतात. नुसत्या भुरभुरीने रस्ता वरवर ओला होतो, ऊन आणि वारा असला की काही तासांत पुन्हा कोरडा. न हलवलेल्या ढिगावर सुकताना पापुद्रा धरतो, तो वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. लोडरचं एक चाक गेलं की संपलं. म्हणून वहीत पाऊस किती मिलिमीटर पडला याच्या शेजारी, तो थांबून किती तास झाले हेही लिहीत जा.

आणि पावसानंतर ऊन पडलं की गेटबाहेरच्या डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारा. टायरांनी बाहेर आणलेला चिखल तिथे वाळतो, आणि येणारं-जाणारं प्रत्येक वाहन तो दळून उडवतं. आत सगळं ओलं असतानाही बाहेरचं यंत्र ओरडत असेल, तर पाणी मारणारा टँकर आत फिरवून उपयोग नाही. आधी तो रस्ता झाडून घ्यायचा आणि टायर धुवायची सोय नीट चालते का ते बघायचं.